कानातल्या भोकाची सत्तावीस वर्षे

प्रयोगशाळेतला उंदीर ओळखता यावा म्हणून त्याच्या कानाला मोहरीएवढे, २ मिलिमीटरचे भोक पाडतात. ते कानाच्या कोणत्या भागात आहे, त्यावरून उंदराचा क्रमांक कळतो. ही खूण जन्मभर टिकते, म्हणूनच ती वापरात आहे. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये एलन हेबर-काट्झ यांच्या एमआरएल जातीच्या उंदरांवर मात्र काही आठवड्यांनी खुणाच सापडेनात. हे उंदीर प्रतिकारशक्ती स्वतःच्या शरीरावर उलटते अशा आजारांच्या अभ्यासासाठी आणलेले होते. भोके पुन्हा पाडली, पुन्हा बुजली. व्रण नाही, आत नवी कूर्चा, वर नवे केस. १९९८ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले.

आपली जखम भरते ती बहुधा व्रण ठेवून. मग या उंदरांना हे साधले कसे? उत्तर शोधायला जनुकांची अभिव्यक्ती पाहावी लागली. पोथी तीच, पण आज कोणता अध्याय वाचायचा ते वेगळे, तसे पेशींचे आहे. त्वचेच्या आणि यकृताच्या पेशीत जनुके तीच. कोणते केव्हा आणि किती वाचले जाते, त्यावर पेशीचे काम ठरते. वाचलेल्या जनुकाची आरएनए प्रत निघते. या प्रती मोजल्या की जखमेत रोज काय घडते आहे, ते कळू लागते.

२०१० मध्ये पहिला मोठा धागा हाती आला. पी-२१ हे जनुक पेशींच्या विभाजनाला लगाम घालते. एमआरएल उंदरांच्या पेशींत त्याचे प्रथिन जवळजवळ दिसत नव्हते. साध्या उंदरांतून हे जनुक काढले, तर त्यांच्याही कानाची भोके बुजली. २०१२ मध्ये केनियातल्या काटेरी उंदरांनी आणखी चकित केले. शिकाऱ्याच्या तावडीत पाठीची कातडी सोडून पळणारे हे प्राणी ४ मिलिमीटरचे भोकही भरून काढतात. २०१५ मध्ये हेबर-काट्झ यांच्याच गटाने एचआयएफ-१-अल्फा हे प्रथिन टिकवून धरणारे औषध साध्या उंदरांना मानेखाली टोचले. भोक मात्र कानाचे बुजले.

उंदरावरून माणसाचे निदान करण्याची घाई नडते, हा धडाही याच काळातला. भाजणे, गंभीर इजा अशा प्रसंगी उंदरांची आणि माणसांची जनुके फारशी सारखी वागत नाहीत, असे २०१३ च्या एका अभ्यासाने मांडले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासली आणि साम्य भरपूर असल्याचे सांगितले. आकडे तेच, निष्कर्ष उलटे. माझ्या मते या क्षेत्राला या वादाने अधिक सावध केले.

२०२५ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी सशाचा आणि उंदराचा कान शेजारी ठेवून पाहिला. सशाच्या कानाची भोके भरतात. तिथे एएलडीएच-१-ए-२ हे जनुक जखमेनंतर जोमाने वाचले जाते आणि अ जीवनसत्त्वापासून रेटिनॉइक ॲसिड तयार होते. उंदराकडेही तेच जनुक आहे, पण जखम झाल्यावर ते पुरेसे जागे होत नाही. बाहेरून रेटिनॉइक ॲसिड पुरवताच उंदराचा कान पुन्हा घडू लागला.

मधुमेहामुळे महिनोन्‌महिने न भरणारी पायाची जखम ज्या घराने धुतली, पुसली, बांधली आहे, त्याला या मोहरीएवढ्या भोकाचे मोल वेगळे सांगायला नको. कानापासून पायापर्यंतची वाट लांब आहे. पण उंदराच्या पोथीतला तो अध्याय फाटलेला नव्हता, नुसता मिटलेला होता. आपल्याही पोथीत तो शोधत राहिलेच पाहिजे.