मेसेज ब्रोकरचे पोर्ट आणि सामायिक सर्व्हरवरील पत्ते

एकाच संगणकावर अनेकांची कामे चालत असली म्हणजे प्रत्येकाच्या कामाची हद्द कोठे सुरू होते व कोठे संपते, हा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. पुष्कळशा प्रोग्रामांच्या बाबतीत ही हद्द फायलींच्या परवानग्यांनी आखता येते. परंतु जो प्रोग्राम नेटवर्कवरून येणारी मागणी स्वीकारण्यासाठीच उभा असतो, त्याची हद्द तेवढ्याने ठरत नाही. तो कोणत्या पत्त्यावर व कोणत्या पोर्टवर कान देऊन बसला आहे, यावर ती अवलंबून असते. मेसेज ब्रोकर हा अशा प्रोग्रामांपैकी एक होय. एका प्रोग्रामकडून संदेश घ्यावा, तो रांगेत जपून ठेवावा आणि ज्याच्यासाठी असेल त्याच्या स्वाधीन करावा, हे त्याचे काम. सामायिक सर्व्हरवर असा ब्रोकर विशिष्ट पत्त्याशी बांधणे म्हणजे नेमके काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला असून उदाहरणादाखल रॅबिटएमक्यू हा २००७ साली प्रथम प्रसिद्ध झालेला ब्रोकर घेतला आहे.

१९८३ साली युनिक्सच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर सॉकेटची जी पद्धती प्रचारात आली, तीच आजही बहुतेक सर्वत्र रूढ आहे. तीनुसार मागणी स्वीकारू इच्छिणारा प्रोग्राम प्रथम ‘बाइंड’ ही क्रिया करतो. म्हणजे पत्ता व पोर्ट यांची एक जोडी कर्नलला सांगतो व ती आपल्या नावे राखून घेतो. पोर्ट ही सोळा बिटांची संख्या असल्याने तिची कमाल मर्यादा ६५५३५ होय. पत्ता मात्र तीन प्रकारांनी देता येतो. तो यंत्राच्या एखाद्या इंटरफेसचा स्वतःचा पत्ता असू शकेल. लेखनात उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या मालिकेतील १९२.०.२.११ हा पत्ता तसा येथे मानू. तो १२७.०.०.१ हा लूपबॅकचा, म्हणजे यंत्राने स्वतःशीच बोलण्याचा, पत्ता असू शकेल. किंवा तो ०.०.०.० असा शून्य-पत्ता असू शकेल. शून्य-पत्त्याचा अर्थ ‘कोणताही पत्ता नाही’ असा नसून ‘या यंत्राचा कोणताही पत्ता चालेल’ असा आहे, हे विसरता कामा नये. रॅबिटएमक्यू जसाच्या तसा सुरू केला असता तो सर्व इंटरफेसांवर मागणी स्वीकारू लागतो.

ज्या यंत्रावर एकाचीच सत्ता आहे तेथे ही सोय खपून जाते. सामायिक यंत्रावर तिच्यापासून दोन निरनिराळे दोष उत्पन्न होतात. पहिला दोष उघडेपणाचा. यंत्राला अंतर्गत जाळ्यातील एक व बाहेरील जाळ्यातील एक असे दोन पत्ते असतील, तर केवळ अंतर्गत उपयोगाकरिता उभारलेला ब्रोकर बाहेरूनही गाठता येतो. दुसरा दोष अडवणुकीचा. समजा, १९२.०.२.१० हा पत्ता एका गटाकडे व १९२.०.२.११ हा दुसऱ्या गटाकडे आहे, आणि दोघांनाही ५६७२ या पोर्टवर आपापला ब्रोकर चालवावयाचा आहे. दोघांनी आपापला पत्ता स्पष्ट सांगितला, तर कर्नलच्या दृष्टीने त्या दोन भिन्न जोड्या ठरतात व संघर्ष होत नाही. परंतु पहिल्याने शून्य-पत्ता धरला, तर लिनक्सवर दुसऱ्याची विनंती ‘पत्ता आधीच वापरात आहे’ या कारणाने नाकारली जाते. कोण यशस्वी होणार हे केवळ आधी कोण सुरू झाला यावर ठरते. त्यामुळे यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की कालचा यशस्वी आज अपयशी ठरण्याचा संभव असतो. दोष एकाच्या मांडणीत आणि बिघाड दुसऱ्याच्या पदरी, असा हा प्रकार आहे.

येथवरचे विवेचन एकाच पोर्टला अनुलक्षून झाले. तथापि ब्रोकरला एकच पोर्ट असतो, हा समजच मुळात चुकीचा आहे. रॅबिटएमक्यूमध्ये ५६७२ हा एएमक्यूपी या संदेशवहनाच्या नियमावलीचा पोर्ट असून तिचाच सांकेतिक, म्हणजे टीएलएसने संरक्षित, मार्ग ५६७१ वर असतो. ब्राउझरमधून देखरेख करण्याचे अंग चालू केले असल्यास ते १५६७२ वर असते. ब्रोकरच्या नोडांचा आपापसांतील व्यवहार आणि आज्ञा देण्याच्या साधनांचा संपर्क २५६७२ वर चालतो. शिवाय ज्या एर्लांग भाषेत हा ब्रोकर लिहिला आहे, तिच्या नोडांची नोंद ठेवणारा ईपीएमडी नावाचा स्वतंत्र प्रोग्राम ४३६९ वर बसलेला असतो. या प्रत्येकाचे बंधन वेगवेगळ्या ठिकाणी करावे लागते. संदेशांचा व देखरेखीचा पत्ता ब्रोकरच्या मांडणीच्या फायलीत निरनिराळ्या ओळींत लिहितात. नोडांच्या व्यवहाराचा पत्ता एर्लांगच्या कर्नल-विभागाच्या मांडणीत सांगावा लागतो. आणि ईपीएमडीचा पत्ता तो प्रोग्राम सुरू होण्यापूर्वी परिवेशातील एका चलाद्वारे द्यावा लागतो.

पुष्कळदा व्यवस्थापक यांपैकी पहिली ओळ बदलतो आणि काम झाले असे मानतो. वस्तुतः मागे राहिलेले पोर्टच अधिक सामर्थ्याचे असतात. ५६७२ वर येणाऱ्याला ब्रोकरच्या वापरकर्त्यांचे नाव, संकेतशब्द व परवानग्या यांतून जावे लागते. २५६७२ वर येणाऱ्याला हे नियम लागू नाहीत. तेथे नोडांमध्ये सामायिक असलेली ‘कुकी’ नावाची एक गुप्त अक्षरमाला तेवढी विचारली जाते, आणि ती ज्याच्या हाती आहे तो त्या नोडवर वाटेल ती आज्ञा चालवू शकतो. आणखी एक गोष्ट अशी की, २५६७२ हा आकडा संदेशांच्या पोर्टमध्ये २०००० मिळवून येतो. म्हणून वरील उदाहरणातील दोन्ही गटांनी ५६७२ वर आपापले पत्ते नीट बांधले, तरी दुसरा ब्रोकर २५६७२ वर अडखळतो. कारण तेथे पहिल्याने नकळत शून्य-पत्ता धरलेला असतो.

हीही अडचण दूर केल्यावर तिसरी पुढे येते. ईपीएमडी साधारणतः संपूर्ण यंत्रासाठी एकच असतो व तो नोडच्या नावातील ‘ॲट’ चिन्हापूर्वीचा भाग तेवढा नोंदवितो. दोन्ही गटांनी नेहमीचे ‘रॅबिट’ हे नाव ठेवले, तर पत्ते भिन्न असूनही दुसऱ्याची नोंद नाकारली जाते. त्यामुळे पत्त्यांची वाटणी करताना नोडांच्या नावांचीही वाटणी करणे अवश्य ठरते.

आता दुसऱ्या टोकाचा उपाय पाहू. सर्व पोर्ट लूपबॅकला बांधले म्हणजे ब्रोकर सुरक्षित झाला, असे अनेकांना वाटते. मोस्किटो या ब्रोकरच्या २०२० सालच्या २.० आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नसल्यास, हीच रीत स्वीकारलेली आहे. आणि बाहेरच्या जगापासून संरक्षण म्हणून ती निःसंशय हितावह आहे. परंतु सामायिक यंत्रावर लूपबॅक हा कोणा एकाचा खाजगी मार्ग नव्हे. त्या यंत्रावर खाते असलेल्या प्रत्येकाला १२७.०.०.१ सारखाच खुला असतो. रॅबिटएमक्यूमधील ‘गेस्ट’ या मूळ खात्याचा संकेतशब्दही ‘गेस्ट’ हाच असून तो सर्वांना ठाऊक आहे. २०१४ सालच्या ३.३.० आवृत्तीपासून हे खाते केवळ लूपबॅकवरून वापरता येईल असे बंधन घातले गेले. एकट्याच्या यंत्रावर हे बंधन पुरेसे ठरते. सामायिक यंत्रावर मात्र शेजारच्या प्रत्येक वापरकर्त्याला रांगांची किल्ली दिल्यासारखे होते. म्हणून अशा ठिकाणी हे खाते काढून टाकणे किंवा त्याचा संकेतशब्द बदलणे हे पत्ता बांधण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

याच संदर्भात पत्ता आणि तार यांतील भेद ध्यानी घ्यावयास हवा. लिनक्समध्ये इंटरफेसचा पत्ता हा त्या इंटरफेसचा नसून एकंदर यंत्राचा मानला जातो. अंतर्गत पत्त्यासाठीचे पॅकेट बाहेरील इंटरफेसवर येऊन पोहोचले, तरी सामान्यतः ते स्वीकारले जाते. इंटरनेटच्या यंत्रांसाठी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ११२२ या दस्तऐवजात या शिथिल पद्धतीची व तिच्या उलट असलेल्या कडक पद्धतीची चर्चा आढळते. यावरून असे दिसून येईल की, पत्ता बांधल्याने मागणी कोणत्या नावाने यावी हे ठरते. ती कोणत्या मार्गाने यावी हे ठरत नाही. मार्ग ठरविण्याचे काम फायरवॉलचे होय.

विशिष्ट पत्ता सांगण्याची काही किंमतही मोजावी लागते. तो पत्ता ब्रोकर सुरू होण्याच्या क्षणी यंत्राकडे असलाच पाहिजे. नेटवर्क उभे राहण्यास विलंब झाला, तर बंधन नाकारले जाते व ब्रोकर सुरूच होत नाही. शून्य-पत्त्याच्या बाबतीत हा प्रसंग येत नाही. पत्त्याऐवजी यंत्राचे नाव लिहिणेही धोक्याचे असते. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात यंत्राचे नाव कित्येकदा १२७.०.१.१ या लूपबॅकच्याच पत्त्याकडे निर्देश करते. तेथे नाव लिहून बांधलेला ब्रोकर चालू असूनही बाहेरून कोणालाच सापडत नाही.

सारांश, ब्रोकरचे बंधन ही एक ओळ नसून एक यादी आहे, आणि तिची परीक्षा मांडणीची फाईल वाचून होत नाही. लिनक्सवरील ‘एसएस’ या आज्ञेने कान देऊन बसलेले सर्व सॉकेट पाहावेत व ब्रोकरच्या प्रत्येक पोर्टसमोर कोणता पत्ता आहे हे ताडून घ्यावे. त्यानंतर तीन ठिकाणांहून संपर्क करून पाहावा : अंतर्गत जाळ्यातील दुसऱ्या यंत्रावरून, बाहेरील जाळ्यावरून, आणि त्याच यंत्रावरील दुसऱ्या एखाद्या सामान्य खात्यावरून. पहिल्या दोन परीक्षा बहुधा केल्या जातात. तिसरी सहसा राहून जाते. आणि सामायिक यंत्राच्या बाबतीत खरे उत्तर तीच देते.