पिशवीतही जुनी होणारी विंग

पावसाळा सरला की मावळातल्या कामशेतच्या टेकड्यांवर पुन्हा रंगीबेरंगी पॅराग्लायडर तरंगू लागतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथले उड्डाण थांबलेले असते आणि विंग घडी घालून, पिशवीत भरून कपाटावर ठेवलेली असते. ऑक्टोबरात ती बाहेर काढताना अनेक पायलटांना वाटते, चार महिने वापरलीच नाही, म्हणजे ठेवली होती तशीच असणार. हा समज महागात पडू शकतो. विंगेचे कापड आणि दोऱ्या हवेत झिजतात तशा पिशवीतही झिजतात, आणि महाराष्ट्रात ती पिशवी वर्षातल्या सर्वांत दमट महिन्यांत बंद असते.

हे समजून घेण्याची गरज सर्वाधिक कोणाला? शिकाऊ विंग सोडून नुकताच मधल्या दर्जाच्या विंगेकडे वळलेल्या पायलटला. त्याच्याजवळ पन्नास-शंभर उड्डाणे जमा असतात, भीती गेलेली असते. पण वाईट हवेचा अनुभव अजून थोडाच असतो.

'बी' दर्जा म्हणजे काय?

पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, आतला दाब वाढतो आणि त्या दाबावरच कापडाला पंखाचा आकार येतो. खडबडीत हवेत विंगेच्या पुढच्या कडेवर अचानक वरून झोत आला, तर ती कड दुमडते. यालाच 'कोलॅप्स' म्हणतात.

युरोपीय मानक 'ईएन ९२६'नुसार विंगेला ए, बी, सी, डी असे दर्जे दिले जातात. चाचणी-पायलट मुद्दाम विंग दुमडतो आणि ती किती वळते, किती झेपावते, आपोआप किती वेळात उघडते हे पाहिले जाते. 'ए' विंग चूक सर्वाधिक पोटात घालते. 'बी' दर्जा मधला. पण तो बराच रुंद आहे. त्यातल्या काही विंग 'ए'च्या जवळ असतात, काही 'सी'च्या. दोघींवर शिक्का एकच. म्हणून निव्वळ अक्षर पाहून विंग निवडू नये. ती कोणत्या पायलटसाठी बनवली आहे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत वाचावे आणि प्रशिक्षकाला विचारावे.

दुसरी गोष्ट, ही चाचणी शांत हवेत, तयारीतला पायलट आणि नवी विंग घेऊन होते. प्रमाणपत्र त्या अवस्थेचे असते. तीन वर्षे जुन्या, दोऱ्या आखडलेल्या विंगेला ते जसेच्या तसे लागू होत नाही.

वजनाचेही तसेच. विंगेवर लिहिलेली मर्यादा एकूण वजनाची असते. ६८ किलोच्या पायलटचे हार्नेस, राखीव पॅराशूट, हेल्मेट आणि विंग मिळून १८ किलो होत असेल, तर हिशेब ८६ किलोंचा. मर्यादेच्या अगदी खालच्या टोकाला उडणारी विंग मंद चालते आणि सहज दुमडते; अगदी वरच्या टोकाला ती वेगवान आणि तापट होते.

दोन सेंटीमीटरची किंमत

अनेक विंगांच्या दोऱ्या डायनिमा नावाच्या धाग्याच्या असतात. हा धागा मजबूत, पण ओल आणि उष्णता लागून, ताण नसताना हळूहळू आखडतो. पुढच्या 'ए' ओळीतल्या दोऱ्यांवर उड्डाणात सर्वाधिक भार येतो, त्यामुळे त्या ताणल्या जाऊन लांबी टिकवतात. मागच्या ओळींवर भार कमी, म्हणून त्या आखूड होत जातात. एक-दोन सेंटीमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण मागची बाजू तेवढी खाली ओढली गेली की विंग हवेला अधिक चढ्या कोनात सामोरी जाते आणि तिचा वेग घटतो.

त्यात कापडाचा लेप झिजला असेल, तर हवा विंगेतून झिरपू लागते. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की विंग पुढे न सरकता, फुगलेल्या छत्रीसारखी सरळ खाली येऊ शकते. या स्थितीला 'डीप स्टॉल' म्हणतात आणि ती जमिनीजवळ आली तर सावरायला उंची उरत नाही.

याची चाहूल आधी लागते. टेकऑफच्या वेळी विंग डोक्यावर यायला आळस करते, मागेच रेंगाळते. ब्रेक पूर्ण सोडल्यावरही मागची कड किंचित ओढलेली दिसते. अशी विंग तपासणीला पाठवावी. बहुतेक उत्पादक साधारण १०० ते १५० तास किंवा २ वर्षे, यांतले जे आधी होईल तेव्हा तपासणी करायला सांगतात. त्यात प्रत्येक दोरीची लांबी मोजतात, एखादी दोरी ताणून तिची ताकद पाहतात आणि कापडातून हवा किती वेगाने झिरपते हे यंत्राने मोजतात. राखीव पॅराशूटही सहा महिने ते वर्षभरात उघडून, हवेशीर करून पुन्हा बांधून घ्यावे लागते.

ऊन, ओल आणि नाकतोडे

नायलॉनचा मोठा शत्रू म्हणजे उन्हातील अतिनील किरण. वारा जुळण्याची वाट पाहत विंग तासभर टेकडीवर पसरून ठेवणे म्हणजे उड्डाणाविना तासभराचे आयुष्य खर्च करणे. तेवढा वेळ ती गोळा करून झाकावी. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीतली उष्णताही तितकीच वाईट.

विंग दमट असताना घडी घातली तर लेप खराब होतो आणि बुरशी धरते. ती सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवावी. पावसाळ्यात सैल घडी घालून कोरड्या खोलीत ठेवावी आणि उघडीप मिळाली की घरातच पसरून वारा द्यावा. साबण, डिटर्जंट, वॉशिंग मशीन वर्ज्य. मळ असेल तर साधे पाणी आणि मऊ स्पंज पुरे. गोव्याच्या किंवा कोकणाच्या किनाऱ्यावर खारे पाणी लागले, तर लगेच गोड्या पाण्याने धुवावे.

पावसाळ्यानंतर गवतात नाकतोडे फार. घडीत अडकलेला एखादा कापड कुरतडून बाहेर पडायला पाहतो. घडी घालण्यापूर्वी विंग झटकणे हा त्यावरचा फुकटचा उपाय. शिवणीपासून दूर असलेला बारीक छेद खास चिकटपट्टीने बुजवता येतो. दोरी इजा झालेली असेल तर मात्र गाठ मारून चालत नाही, कारण गाठीने लांबी बदलते आणि ताकदही घटते. दोरी बदलावीच लागते.

हवेत असताना

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १५ किलोमीटरचा वारा ३० झाला, तर जोर चौपट होतो. 'बी' दर्जाच्या विंगेचा नेहमीचा वेग ताशी ३७-३८ किलोमीटरच्या आसपास असतो, म्हणजे अशा वाऱ्यात पुढे सरकायला फारसे काही उरत नाही. दुपारनंतर कोकणातून घाट चढून येणारा वारा वाढत जातो. मार्च-एप्रिलच्या तापलेल्या दुपारी थर्मलही तीव्र असतात. नव्या विंगेची ओळख अशा वेळी करून घेऊ नये.

विंगेची एक बाजू दुमडली की क्रम ठरलेला आहे. स्पीड बार दाबलेला असेल तर लगेच सोडावा. शरीराचे वजन उघड्या बाजूला टाकून दिशा धरावी, लागेल तेवढाच हलका ब्रेक त्या बाजूला द्यावा आणि मगच दुमडलेली बाजू उघडावी. घाबरून ब्रेक जोरात ओढला, तर उडणारी बाजूही बंद पडते. हे वाचून येत नाही. पाण्यावर, लाइफ जॅकेट घालून, बोट तैनात ठेवून आणि रेडिओवर प्रशिक्षकाच्या सूचना ऐकत त्याचा सराव केला जातो. तुर्कस्तानातील ओल्युडेनिझ त्यासाठी प्रसिद्ध आहे. जमिनीजवळ विंग ताब्याबाहेर गेली, तर प्रयोग न करता राखीव पॅराशूट फेकावे.

शरीराची तपासणी

अपुरी झोप, कमी पाणी, गुंगी आणणारे औषध यांनी प्रतिसाद मंदावतो. अशा दिवशी उडू नये. पॅराग्लायडिंगमध्ये मणक्याच्या दुखापती नेहमीच्या आहेत, कारण बसल्या स्थितीत आपटले की धक्का थेट पाठीच्या कण्यावर जातो. उतरण्याआधी वेळेवर हार्नेसमधून पाय खाली सोडून उभे व्हावे. कोणी जोरात आपटला असेल, तर त्याला हात धरून उठवू नये. डोके-मान स्थिर ठेवून मदत बोलवावी.

ऑक्टोबरातल्या पहिल्या दिवशी थेट टेकऑफला जाण्याऐवजी सपाट मैदानावर विंग उभी करून पाहावी. प्रत्येक दोरी बोटांतून फिरवावी, कॅराबिनर आणि हार्नेसचे पट्टे तपासावेत, राखीव पॅराशूटची पिन जागेवर आहे का ते पाहावे. तासभर असे केल्याने विंगेचा अंदाज येतो आणि चार महिने विसावलेले हातही जागे होतात. तरी मनात शंका उरली, तर विंग पुन्हा पिशवीत भरून घरी न्यावी. सह्याद्रीतला हंगाम मेपर्यंत चालतो.