दृष्टी मंदावते, पाय जड होतात : निदानाची वाट

आपल्या सीमाभागात व्यवसाय करणाऱ्या वैद्यकांना पुढील कहाणी अपरिचित वाटणार नाही. भालकी, औराद किंवा आळंद तालुक्यातील एखाद्या गावची तिशीतील स्त्री. एका डोळ्याने तिला एकाएकी धूसर दिसू लागते. डोळा फिरवला की आत दुखते. जवळच्या शहरात नंबर तपासून चष्मा दिला जातो. काही आठवड्यांनी दृष्टी थोडीफार परतते आणि प्रकरण विसरले जाते. पुढे कधीतरी सतत उचकी व उलट्या होतात, त्यासाठी पोटाची औषधे होतात. वर्षभराने कमरेखाली मुंग्या येतात, पाय जड होतात, लघवी अडते. आता सोलापूरला मणक्याची तपासणी, तेथून हैदराबाद. दरम्यान घरात देवर्षी येऊन गेलेला असतो आणि ‘हिच्या मनाचेच खेळ आहेत’ असेही कोणी म्हणून गेलेले असते.

तीन शहरांत तीन फायली तयार होतात. प्रत्येक फाइलमध्ये एकेका अवयवाची नोंद असते. रुग्णाची संपूर्ण हकीकत मात्र कोठेच नसते.

एकच व्याधी, तीन दारे

डोळा, उचकी आणि पाय ही तिन्ही लक्षणे एकाच व्याधीची असू शकतात. फ्रेंच वैद्य देविक यांनी १८९४ साली दृक्‌चेता, म्हणजे डोळ्याची नस, आणि मज्जारज्जू यांना एकत्र ग्रासणाऱ्या दाहाचे वर्णन केले. ‘न्यूरोमायलायटिस ऑप्टिका’ या नावाने ती व्याधी ओळखली जाऊ लागली. दीर्घकाळ तिला ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’चाच एक प्रकार मानले जाई. २००४ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. वांडा लेनन व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड दाखवून दिले, आणि पुढच्याच वर्षी त्याचे लक्ष्यही सापडले : पेशींतून पाण्याची ने-आण करणारे ‘ॲक्वापोरिन-४’ हे प्रथिन. दृक्‌चेता, मज्जारज्जू आणि मेंदूच्या तळाशी असलेले वांतीचे केंद्र येथे त्याचे प्रमाण मोठे असते. न थांबणाऱ्या उचकीचे कोडे येथे सुटते.

नावातील हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता नाही. मल्टिपल स्क्लेरॉसिसवर दिले जाणारे इंटरफेरॉन या व्याधीत अपाय करू शकते. झटका आल्यावर स्टेरॉइडचा उपचार तातडीने हवा आणि पुढील झटके रोखण्यासाठी प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधे दीर्घकाळ हवीत. प्रत्येक झटका काही ना काही कायमचे हिरावून नेऊ शकतो. म्हणून निदानातील विलंबाची किंमत दृष्टीने आणि पायांनी मोजावी लागते. मेंदूचा एमआरआय निर्दोष आला म्हणून समाधान मानू नये, मज्जारज्जूचाही पाहावा. प्रतिपिंडाच्या तपासणीसाठी रुग्णाने दूर जाण्याची गरज नसते, रक्ताचा नमुना पाठवता येतो.

मुंबईचा धडा

डोळा आणि मज्जारज्जू यांचा संबंध केवळ विचारपूस करून कसा उलगडतो, याचे एक उदाहरण आपल्या जवळचेच आहे. १९७१ साली मुंबईत डोळे येण्याची मोठी साथ पसरली. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम नोंदली गेलेली ही साथ कोलकात्यात ‘जय बांगला’ या नावाने ओळखली गेली. डोळे काही दिवसांत बरे होत. परंतु त्यानंतर काही आठवड्यांनी काही प्रौढ रुग्ण पाय लुळे पडल्याने रुग्णालयात येऊ लागले. लक्षणे पोलिओसारखी होती. डॉ. नोशिर वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्या झालेल्या डोळ्यांचा आणि लुळ्या पायांचा संबंध जोडला आणि १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो मांडला. साथीचे कारण एंटेरोव्हायरस-७० हा विषाणू होता. त्या काळी सीटी स्कॅन वा एमआरआय हाताशी नव्हते. ‘मागे डोळे आले होते का?’ हा प्रश्न मात्र कोणालाही विचारता येण्याजोगा होता.

तालुक्याच्या ठिकाणी काय करता येईल?

अंधुक दृष्टीसह हातापायांची तक्रार असलेला प्रत्येक रुग्ण दुर्मीळ व्याधीचाच असतो, असे नव्हे. क्षयावरील इथॅम्ब्युटॉलने रंग फिके दिसू लागतात, तर त्याच उपचारातील आयसोनियाझिडने पायांना मुंग्या येतात. काटेकोर शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव चेतांना इजा करते. वाकल्यावर क्षणभर अंधारी येत असेल आणि डोकेदुखी असेल, तर डोक्यातील दाब वाढलेला असू शकतो. विषारी दारूतील मिथेनॉल तर काही तासांत दृष्टी हरपून नेते. यांतील बहुतेकांचा सुगावा विचारपूस, विजेरी, लाल रंगाची वस्तू, नेत्रदर्शक यंत्र आणि प्रतिक्षिप्त क्रियांची हातोडी एवढ्या साधनांनी लागू शकतो. एका डोळ्याला लाल रंग विटलेला दिसला, किंवा विजेरी त्या डोळ्यावर आणताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी झाली, तर चष्म्याच्या चिठ्ठीवर थांबू नये.

रुग्ण व नातेवाइकांना एकच विनंती. एका कागदावर तारखांच्या क्रमाने सर्व हकीकत लिहून ठेवावी : कोणता डोळा, किती दिवस, उचकी, ताप, मुंग्या, लघवी, घेतलेली औषधे. क्षुल्लक वाटणारी गोष्टही गाळू नये. तो कागद मराठीत असला तरी चालेल. बीदर असो, कलबुर्गी असो वा बंगळुरूची निमहान्स संस्था असो, प्रत्येक ठिकाणी तोच सर्वांत वर ठेवावा.

आणि वैद्यकबंधू-भगिनींनाही एक विनंती. तपासण्या निर्दोष आल्या म्हणून रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगू नये. ‘अजून उलगडा झालेला नाही, पुन्हा या’ असे सांगावे. रुग्ण पुन्हा आला, तरच पुढचे लक्षण आपल्या दृष्टीस पडेल. आणि अनेकदा निदान त्या पुढच्या लक्षणातच असते.