वाघीण कमी, धाकधूक जास्त

पांढरकवड्याच्या जंगलात २०१८ साली जे घडलं, ते जसंच्या तसं कुणी पटकथेत लिहून नेलं असतं, तर निर्मात्याने 'पचेल असं लिहा' म्हणून वही परत केली असती. वाघीण टी-१ ऊर्फ अवनी. १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका, पाठीशी दोन बछडे. तिच्या शोधासाठी हत्ती आणले; त्यातला ताडोब्याचा हत्ती सुटला आणि एका बाईचा जीव गेला. मग एका गोल्फपटूची इटालियन कुत्री आली, आभाळात पॅरामोटर घिरट्या घालू लागला. त्यावर कडी म्हणजे केल्विन क्लाइनचं 'ऑब्सेशन' अत्तर! त्या वासाला मोठी मांजरं भुलतात म्हणे. ज्या शिवारात वर्षानुवर्षं कपाशीवरच्या फवाऱ्याचाच वास, तिथे हे. शेवटी २ नोव्हेंबरच्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ गोळी सुटली.

अमित मसुरकर यांचा 'शेरनी' २०२१च्या जूनमध्ये आला, तेव्हा विदर्भातल्या प्रेक्षकाला हीच गोष्ट आठवली. पण पडद्यावर अवनीचं नाव नाही. वाघीण टी-१२, जंगल मध्य प्रदेशातलं. मसुरकर आणि लेखिका आस्था टिकू यांनी असला चमचमीत मसाला उचलला नाही. बरंच केलं. (अत्तर मात्र मी ठेवलं असतं.)

वाघीणही मोजकीच दिसते. 'जॉज'च्या वेळी यांत्रिक शार्क सारखा बिघडायचा, म्हणून स्पीलबर्गने तो पाण्याखाली ठेवला आणि लोक जास्त घाबरले. मसुरकरांचा तसा नाइलाज नव्हता. त्यांची वाघीण संगणकावर घडवलेली, म्हणाल तेव्हा हजर. तरी ती झाडीतच राहते.

हिचकॉकचं गणित प्रसिद्ध आहे. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगा, मग पात्रांना निवांत गप्पा मारू द्या. 'शेरनी'त बॉम्ब म्हणजे वाघीण नव्हेच. शरत सक्सेनांचा शिकारी पिंटूभैया गावात येतो, निवडणूक तोंडावर असते, आणि विद्या बालनची वनाधिकारी कागदं हलवत बसते. धाकधूक वाघिणीची नसून वाघिणीसाठी लागते, ही खरी करामत. सतीश मनवरांच्या 'गाभ्रीचा पाऊस'मध्ये (२००९) तर शिकारीही नाही. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते की आपला नवरा किसनाही तेच करेल. ती पोराला बापाच्या मागे धाडते, सासूलाही कामाला लावते. गिरीश कुलकर्णींचा किसना नुसता घराबाहेर पडला, तरी प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. टेबलाखालच्या बॉम्बचा एवढा घरगुती वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नटांना गुरांसारखं वागवावं, असं हिचकॉक म्हणायचा. मसुरकरांची रीत उलटी. 'न्यूटन'साठी छत्तीसगडमध्ये आणि 'शेरनी'साठी मध्य प्रदेशात त्यांनी गावातल्याच लोकांना कॅमेऱ्यापुढे आणलं. विजय राजसारखा कसलेला नट त्यांच्यात उभा राहिला की त्यालाच आवाज उतरवावा लागतो.

'शेरनी'चं शूटिंग २०२०च्या मार्चमध्ये सुरू झालं, टाळेबंदीत अडकलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा उभं राहिलं. पुढच्याच महिन्यात बालाघाटातून बातमी आली. वनमंत्र्यांचं जेवणाचं आमंत्रण विद्या बालन यांनी नाकारलं आणि दुसऱ्या दिवशी युनिटच्या गाड्या जंगलात सोडल्या नाहीत! मंत्र्यांनी आरोप फेटाळला. जेवणाला आपणच नकार दिला, असं त्यांचं म्हणणं. कुणाचं खरं ते असो. वनखात्यातल्या वरिष्ठांच्या आणि पुढाऱ्यांच्या मर्जीवरच बेतलेल्या त्या पटकथेत हा प्रसंग फुकटात बसला असता.