जुन्नर-आंबेगावचा इतिहास : कोणती पुस्तके वाचावीत?

महाविद्यालयात प्रादेशिक, राष्ट्रीय आणि धार्मिक इतिहासाच्या वेगवेगळ्या प्रश्नपत्रिका असतात. जुन्नर परिसरात ही वाटणी टिकत नाही. ज्या शिवनेरीवर शिवराय जन्मले, त्याच शिवनेरीच्या कातळात त्यांच्या जन्माआधी सुमारे दीड हजार वर्षे बौद्ध भिक्षूंचे विहार कोरले गेले. लेण्याद्रीच्या तशाच एका विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज आहे. म्हणून या दोन तालुक्यांचा इतिहास एका पुस्तकात सापडत नाही. परस्परांशी भांडणारी चार पुस्तके शेजारी उघडून ठेवावी लागतात.

कातळावरचा मजकूर

सुरुवात नाणेघाटापासून करावी. कोकणातून चढून आले की घाटमाथ्यावरच लेणे लागते. त्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लांबलचक लेख आहे : राणी नागनिकेच्या काळातील यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची नोंद. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या, पण सिमुक, सातकर्णी, नागनिका ही नावे वर कोरलेली राहिली. हा लेख वाचण्यात पंडित भगवानलाल इंद्रजींचा वाटा मोठा आहे. ब्यूलर यांनी १८८३ साली त्याचा पाठ छापला. मराठी वाचकाने वा. वि. मिराशींचा ‘सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ हा १९७९चा ग्रंथ हाती घ्यावा.

त्याच्या जोडीला बर्जेस आणि इंद्रजी यांचा पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखांचा १८८१चा संग्रह हवा. नाणेघाटात राजघराणे बोलते, तर जुन्नरच्या लेण्यांत बाजारपेठ बोलते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने इथे लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, दान दिले. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नोंद आहे. इरिल, चिट, चंद या यवनांनी, म्हणजे ग्रीकांनी, बौद्ध संघाला दाने दिली, त्यात चिटाचा भोजनमंडप आहे. एवढे वाचले तरी धर्माचा इतिहास केवळ देवांचा आणि राजांचा नसतो, तो कारागिरांच्या गाठीच्या पैशाचाही असतो, हे मनावर ठसते. दा. ध. कोसंबींचा ‘मिथ अँड रिॲलिटी’ हा १९६२चा ग्रंथ यापुढची पायरी. पुण्याच्या आसपासच्या वाटा पायी तुडवून त्यांनी लेणी, व्यापारी मार्ग आणि गावदेवी यांचा संबंध शोधला.

परक्यांच्या नजरेतून

मलिक अहमदने १४९०मध्ये निजामशाहीची मुहूर्तमेढ जुन्नरातच रोवली. पुढे मलिक अंबरच्या काळात काही वर्षे राजधानीही इथे होती. या पर्वासाठी फरिश्ता वाचावा. भ. ग. कुंटे यांनी तो मराठीत आणला आहे. फरिश्ता दरबारी लेखक होता. त्याच्या पानांवर सुलतान आणि सरदार ठळक दिसतात, रयत क्वचितच.

प्रवासवर्णने ही उणीव थोडी भरून काढतात. रशियन व्यापारी अफानासी निकितिन १४७०च्या सुमारास, बहमनी काळात, पावसाळ्यात जुन्नरला राहिला. इथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन, अशी अट घातली. एका खुरासानी अमिराने मध्यस्थी केली, तेव्हा घोडा सुटला. धर्माचा दबाव आणणारा मुसलमान आणि त्यातून सोडवणारा मुसलमान, दोघेही एकाच हकिकतीत भेटतात. इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर १६७५ साली मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून मुंबईहून आला. रायगडावर राज्याभिषेक होऊन वर्षच झाले होते आणि जन्मस्थान शिवनेरी मात्र मोगलांच्या ताब्यात होता. ही बोच समजायला फ्रायरची पाने उपयोगी पडतात.

एका तिथीचा धडा

इतिहास कसा तपासतात हे शिकायचे असेल, तर शिवजन्माच्या तिथीचा वाद मुळातून वाचावा. बखरींच्या आधारे वैशाख शके १५४९ ही तिथी रूढ होती. लोकमान्य टिळकांनी १९१६मध्ये जेधे शकावली पुढे आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद होती. कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७मध्ये छापले गेले आणि त्यातही तीच तिथी निघाली. समकालीन साधनांचे वजन बखरींपेक्षा जास्त ठरले. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख २००१ साली स्वीकारली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९१०मध्ये स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची परंपरा ही अशी आहे. ग. भा. मेहेंदळे यांचे ‘श्री राजा शिवछत्रपती’ तळटीपांसह वाचावे. तळटीपा गाळून वाचले तर निम्मा ग्रंथ हुकतो.

धार्मिक इतिहासालाही हीच कसोटी लावावी. ओतूरला तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्यांची समाधी, आळ्याला ज्ञानदेवांच्या रेड्याची समाधी. श्रद्धा दुखवू नये आणि साधन सोडू नये, हा तोल रा. चिं. ढेरे यांच्या ‘खंडोबा’ आणि ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथांत शिकायला मिळतो.

आंबेगावचे हलके कपाट

जुन्नरच्या मानाने आंबेगावचे कपाट हलके आहे. कॅम्पबेल यांनी संपादिलेल्या पुणे गॅझेटियरचे १८८५चे तीन भाग हा पहिला आधार. पण त्यात नजर साहेबाची आहे. जांभोरीचा होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठला, सरकारी कागदांत त्याची नोंद दरोडेखोर म्हणून झाली. ती नजर ओलांडायची तर निमगिरीचे डॉ. गोविंद गारे वाचावेत. महादेव कोळी समाजावरचे त्यांचे लेखन आतून आलेले आहे.

त्यापुढचे बरेच लिहायचे राहिले आहे. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. ३० जुलै २०१४च्या सकाळी माळीण दरडीखाली गाडले गेले. या गावांच्या जत्रा, देवराया, वंशावळी, जात्यावरच्या ओव्या आता म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणातच उरल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या बायकांच्या ओव्या गोळा करून हे काम कसे करावे, ते दाखवून दिले आहे.

माझी मागणी साधी आहे. जुन्नर, घोडेगाव, मंचरच्या वाचनालयांनी वर उल्लेखिलेल्या ग्रंथांचे एकेक कपाट उभे करावे, आणि दरवर्षी दहा विद्यार्थ्यांना एक वही देऊन पश्चिमेच्या वाड्यांवर पाठवावे. शिवनेरी २०२५मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याच्यावर लिहिणारे जगभर मिळतील. डिंभ्याच्या पाण्याखालच्या गावांवर इथल्याच पोरांना लिहावे लागेल, आणि त्यांना सांगणारी पिढी अजून हयात आहे तोवरच लिहावे लागेल.