रुद्धपथ कामला : दुर्बिणीचे उपचार आणि वैद्याचे कर्तव्य

चरकाचार्यांनी पांडुरोगचिकित्सेच्या अध्यायात कामलेचा एक विशेष प्रकार वर्णिला आहे. त्यात कफाने पित्ताचा मार्ग रोधला जातो आणि मल तिलपिष्टनिभ, म्हणजे वाटलेल्या तिळासारखा, होतो. विठ्ठलवाडी परिसरातील आपल्या चिकित्सालयात पिवळे नेत्र, गडद मूत्र, कंडू व पांढुरका मल घेऊन रुग्ण आल्यास या वर्णनाचे स्मरण अवश्य करावे. मात्र पित्तनलिकेत अडकलेला मोठा खडा वा अर्बुद केवळ औषधाने दूर होईल, या भरवशावर काळ दवडू नये.

१९७४ मध्ये जर्मनीत क्लासेन व जपानमध्ये कावाई यांनी दुर्बिणीद्वारे पित्तनलिकेचे मुख छेदून खडे काढण्याचा मार्ग खुला केला. ईआरसीपी या प्रक्रियेने आज बहुतेक खडे जाळी किंवा फुग्याच्या साहाय्याने निघतात. खडा १५ मिलिमीटरहून मोठा असला, रुतून बसला किंवा अरुंद नलिकेच्या वर अडकला, की काम अवघड होते. अशा वेळी मुख मोठ्या फुग्याने रुंदावतात, मजबूत जाळीत खडा चिरडतात किंवा नलिकेत सूक्ष्म दुर्बीण घालून लेसरने फोडतात. मुंबईचे डॉ. अमित मायदेव (पद्मश्री, २०१३) यांनी या लेसर पद्धतीवरील आपला अनुभव २०११ मध्ये प्रसिद्ध केला. अर्बुदाने मार्ग रोधला असल्यास स्टेंट बसवितात. नलिकेच्या मुखातून प्रवेशच मिळत नसेल, तर सोनोग्राफीयुक्त दुर्बिणीने जठरातून वा ग्रहणीतून, अथवा त्वचेतून यकृतात सुई घालून, पित्ताला वाट करून देतात.

या उपचारांत स्वादुपिंडाचा दाह, रक्तस्राव, छिद्र व जंतुसंसर्ग हे धोके संभवतात. ते रुग्णाला आधीच समजावून सांगावेत.

वैद्याने दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली, कामलेसोबत थंडी वाजून ज्वर व उजव्या कुशीत शूल असल्यास ती तातडीची अवस्था होय. विरेचनाचा विचार बाजूस ठेवून रुग्णास त्याच दिवशी पाठवावे. मध्य रेल्वेच्या आपल्याच मार्गावर परळचे केईएम रुग्णालय आहे. दुसरी, प्लास्टिकचा स्टेंट साधारणतः तीन महिन्यांत काढावा वा बदलावा लागतो. कावीळ उतरली की रुग्णाला त्याचा विसर पडतो. पुढे तो स्टेंट तुंबतो आणि जीवघेणा जंतुसंसर्ग होतो. पथ्य व अग्निदीपनासाठी हाच रुग्ण पुन्हा आपल्याकडे येतो. तेव्हा नाडी पाहण्याबरोबरच स्टेंट कधी घातला, हे विचारून ती तारीख रुग्णपत्रिकेवर ठळक लिहून ठेवावी.