वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : दुसऱ्यांदा करावी काय?

समजा, एका गृहिणीचें वजन ११२ किलो होतें. स्थौल्यासाठीं तिच्यावर शस्त्रक्रिया झाली आणि दीड वर्षांत तें ७४ किलोंवर आलें. पुढें सहा वर्षांनीं कांटा ९० दाखवूं लागला. घरांतील मंडळी हळहळतात, "एवढा पैसा घातला, एवढे हाल सोसले, आणि सारें पाण्यांत गेलें!" ती खालीं मान घालून ऐकून घेते आणि मनाशीं विचार करते कीं, पुन्हां एकदां शस्त्राखालीं जावें काय? या प्रश्नाचा निर्णय लाजेनें किंवा रागानें करावयाचा नसतो. त्यासाठीं पहिल्या शस्त्रक्रियेनें शरीरांत नेमकें काय केलें, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

प्रौढ मनुष्याच्या जठरांत एक ते दीड लिटर अन्न मावूं शकतें. 'स्लीव्ह' नांवाच्या शस्त्रक्रियेंत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी ठेवतात. 'बायपास'मध्यें जठराच्या वरच्या टोकाशीं सुमारें ३० मिलिलिटरची पिशवी वेगळी करून ती लहान आंतड्याला जोडतात. या पद्धतीचा पाया अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं घातला. तिसरा प्रकार 'बँड'चा. त्यांत जठराभोंवतीं सिलिकोनचा पट्टा आंवळतात. यांपैकीं पहिल्या दोन शस्त्रक्रियांनीं केवळ जागा कमी होते असें नव्हे, तर भुकेचे व तृप्तीचे रासायनिक संदेशहि बदलतात. १९९९ सालीं जपानी संशोधकांनीं शोधलेला घ्रेलिन हा भूक चेतविणारा स्राव मुख्यतः जठरांतच तयार होतो.

मग वजन पुन्हां कां वाढतें? शरीर आपल्या जुन्या वजनाकडे परतूं पाहतें, हें त्याचें मुख्य कारण. भूक हळूहळू वाढते आणि हलक्या झालेल्या देहाला इंधनहि कमी लागतें. स्वीडनमध्यें १९८७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणींत शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व्यक्तींवर वर्षानुवर्षें लक्ष ठेवण्यांत आलें. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सर्वांत खालीं गेलें, नंतर कांहीं अंशीं वाढलें. दहा वर्षांनीं बायपास झालेल्यांचें वजन मूळच्यापेक्षां सरासरीनें २५ टक्के, तर बँड बसविलेल्यांचें १४ टक्के कमी होतें. वरील गृहिणीचें वजन अद्यापि सुमारें २० टक्के कमीच आहे. तेव्हां 'सारें पाण्यांत गेलें' हें म्हणणें हिशेबाला धरून नाहीं.

दुसऱ्या शस्त्रक्रियेचीं कारणें दोन जातींचीं असतात. पहिली जात व्याधीची. बँड सरकणें किंवा जठराच्या भिंतींत रुतणें, स्लीव्हनंतर औषधांनाहि न जुमानणारी आम्लाची जळजळ, अन्नमार्ग अरुंद होणें, जोडाजवळचा व्रण न भरणें, हे खरे दोष होत. यांपैकीं कांहींना पुन्हां शस्त्रक्रिया हाच उपाय उरतो. जळजळीसाठीं स्लीव्हचें रूपांतर बहुधा बायपासमध्यें करतात. दुसरी जात केवळ वजनवाढीची, आणि तेथें घाई करूं नये. प्रथम दुर्बिणीनें जठराची तपासणी, बेरियम पाजून घेतलेलें क्ष-किरण चित्र व रक्ताची परीक्षा व्हावी. स्टिरॉइडसारखें वजन वाढविणारें एखादें औषध चालू आहे काय, तेंहि पाहावें. आहाराची टिपणवही प्रामाणिकपणें ठेवावी. लहान झालेलें जठर भाकरीला अडवितें. पण आइस्क्रीम आणि सरबत सहज खालीं उतरतात. ही वाट कोणत्याहि शस्त्रानें बंद होत नाहीं.

दुसऱ्या वेळचा धोका पहिल्यापेक्षां अधिक असतो. पूर्वींच्या व्रणांमुळें आंतील भाग एकमेकांस चिकटलेले असतात, रक्तपुरवठा बदललेला असतो, आणि टांके पाझरण्याची भीति वाढते. उलट, वजन मात्र सामान्यतः पहिल्या वेळेइतकें उतरत नाहीं. बायपासनंतर लोह, बी-१२, कॅल्शियम व डी जीवनसत्त्व यांची पूर्ति जन्मभर करावी लागते. हयगय केल्यास पंडुरोग जडतो, हाडें ठिसूळ होतात. धूम्रपान करणाऱ्यानें तें आधीं सोडलेंच पाहिजे.

आतां मधला मार्गहि उपलब्ध झाला आहे. टिर्झेपॅटाइड आणि वजनासाठींचें सेमाग्लुटाइड हीं आठवड्यांतून एकदां टोंचून घ्यावयाचीं औषधें २०२५ सालीं भारतांत विक्रीस आलीं. त्यांनीं भूक मंदावते. परंतु तीं थांबविलीं कीं वजन बहुधा परततें, आणि खर्चहि चालूच राहतो. तीं डॉक्टरांच्या देखरेखीवांचून घेऊं नयेत.

सल्ल्यासाठीं जातांना पहिल्या शस्त्रक्रियेचा लेखी अहवाल जवळ असावा. दोष कोणता सांपडला, या शस्त्रक्रियेनें तो कसा दूर होईल, आणि ती न केल्यास काय होईल, हे तीन प्रश्न स्पष्ट विचारावेत. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचें मत घेण्यांत संकोच नसावा. घरच्यांनींहि एक पथ्य पाळावें : रोज सकाळीं कांट्यावरचा आंकडा विचारूं नये. रक्तांतील साखर किती उतरली, जिना चढतांना लागणारी धाप किती कमी झाली, गुडघे किती दुखतात, हेंहि पहिल्या शस्त्रक्रियेचें फळ आहे. तें पदरांत किती शिल्लक आहे, हें मोजल्यावरच दुसरीचा विचार करावा.